सदिश चित्रातील वस्तूंचे आकारमान बदलणे

सदिश चित्रातील वस्तूचे आकारमान बदलणे म्हणजे ती वस्तू ज्या बिंदूंनी व वक्रांनी ठरते, त्यांचे सहनिर्देशक एका किंवा दोन्ही दिशांना ठरावीक पटीने बदलणे होय. पिक्सेलांनी बनलेले छायाचित्र मोठे करताना मधले पिक्सेल अंदाजाने भरावे लागतात व कडा धूसर होतात. सदिश चित्रात कडा दर वेळी गणिताने नव्याने काढल्या जातात. त्यामुळे बोटभर बोधचिन्ह दुकानाच्या फलकाएवढे केले तरी ते रेखीवच राहते. मात्र यावरून मोठे करताना आकाराखेरीज काहीच बदलत नाही, अशी जी समजूत होते ती अपुरी आहे. रेषेची जाडी, कोपऱ्यांची गोलाई आणि रंगछटांची पट्टी यांचे काय व्हावे, हे चित्रकाराला ठरवावे लागते. या लेखातील उदाहरणे इंकस्केप या मुक्त आज्ञावलीतील आहेत. ही आज्ञावली २००३ मध्ये सोडिपोडी या प्रकल्पातून वेगळी झाली. ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने प्रमाणित केलेल्या एसव्हीजी स्वरूपात चित्रे साठवते.

कृती

निवडीच्या साधनाने वस्तूवर क्लिक केल्यावर तिच्याभोवती आठ बाण दिसतात. कोपऱ्याचा बाण ओढल्यास रुंदी व उंची दोन्ही बदलतात, बाजूच्या मधला ओढल्यास एकच. त्याच वस्तूवर पुन्हा क्लिक केल्यास हे बाण वस्तू फिरवण्याचे व तिरपी करण्याचे होतात. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. ओढताना कंट्रोल कळ दाबून ठेवल्यास रुंदी-उंचीचे प्रमाण टिकते आणि शिफ्ट दाबल्यास वस्तू केंद्राभोवती वाढते किंवा आक्रसते. नेमके माप हवे असल्यास ते वरच्या पट्टीतील रुंदी व उंचीच्या रकान्यांत लिहितात.

रेषेची जाडी

४० मिमी रुंदीच्या आयताला २ मिमी जाडीची कड दिली, तर तिचा निम्मा भाग दोन्ही बाजूंना बाहेर येऊन दिसणारी रुंदी ४२ मिमी होते. हा आयत दुप्पट करताना जाडीही प्रमाणात वाढू दिल्यास कड ४ मिमीची व दिसणारी रुंदी ८४ मिमी होते. जाडी कायम ठेवल्यास ती ८२ मिमी भरते. या दोहोंतील निवड वरच्या पट्टीतील एका लहानशा बटणावर अवलंबून असते.

इंकस्केप मूलतः दिसणारी रुंदी मोजते. म्हणून कडेची जाडी कायम ठेवून रकान्यात ८० लिहिल्यास आयताचा मूळ मार्ग ७८ मिमीच राहतो. कागदावरील चित्रात हा फरक सहसा जाणवत नाही. पण लेझर कापणीचे यंत्र मार्गावरून कापत असल्याने तुकडा लहान निघतो व खाचेत सैल बसतो. अशा कामासाठी प्राधान्यांमध्ये भौमितिक मापाचा पर्याय निवडतात.

अक्षरे

साधा मजकूर ओढून मोठा केल्यास त्याचा टंक-आकार बदलतो व मजकूर संपादनक्षम राहतो. त्याचे मार्गात रूपांतर केल्यास अक्षरे केवळ आकृत्या उरतात. मग शुद्धलेखनाची चूक टंकून सुधारता येत नाही. आकार मोठा करणे आणि मार्ग बाहेरच्या बाजूला फुगवणे या वेगळ्या क्रिया आहेत. ‘ब’ मोठा केल्यास त्याची पोकळीही त्याच प्रमाणात वाढते. फुगवल्यास शिरोरेखा व दंड जाड होतात, पण पोकळी अरुंद होत जाऊन अखेर बुजते.

जुन्या फायली

जानेवारी २०१७ मधील ०.९२ आवृत्तीत एका इंचाचे पिक्सेल ९० वरून ९६ करण्यात आले. त्यामुळे आधीच्या आवृत्तीत पिक्सेलमध्ये मापे साठवलेली १०० मिमीची वस्तू रूपांतराविना ९३.७५ मिमी भरते. अशी फाइल उघडताना चित्र पडद्यासाठी आहे की छपाईसारख्या प्रत्यक्ष कामासाठी, असे विचारले जाते. दुसरा पर्याय निवडल्यास मूळ मिलिमीटर टिकतात.