बेलवली ते कर्जत, एकट्याने

बदलापूरच्या बेलवलीतला नवशिका सायकलस्वार रविवारी पहाटे बहुधा बारवी धरणाच्या रस्त्याला लागतो. उल्हास नदीवरचा पूल, मुळगाव, खंडोबाची टेकडी, मग धरण. सोबतीला रस्ता माहीत असलेला एखादा असतो, पंक्चर काढणाराही असतो. पण पहिली लांब राइड एकट्याने करायची तर मी कर्जतचा रस्ता सुचवेन, आणि तो रेल्वेमुळे. मुंबईपासून लोहमार्गाने बदलापूर ६८ किलोमीटर, वांगणी ७९, नेरळ ८७, कर्जत १००. रस्त्याचा हिशेबही साधारण तसाच. जाऊन-येऊन पासष्ट-सत्तर किलोमीटर. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर वस्ती, चहा, पाणी. त्यामुळे कुठून मागे फिरायचे हे निघण्याआधीच ठरवता येते.

एकट्याच्या राइडमध्ये पायांतल्या ताकदीपेक्षा हे ठरवणे मोठे. ‘नेरळला आठ वाजून गेले तर तिथूनच परत’ असे घरी सांगून निघावे आणि पाच मिनिटे उशीर झाला तरी शब्द पाळावा.

घड्याळाचा एवढा आग्रह वाऱ्यामुळे. उल्हास कर्जतकडून बदलापूरकडे वाहते. म्हणजे जाताना हलका चढ, येताना उतार. ऐकायला सोपे वाटते. पण दुपार होऊ लागली की समुद्राकडून, पश्चिम-वायव्येचा वारा सुटतो आणि परतणाऱ्याच्या थेट तोंडावर येतो. उताराने दिलेले तो काढून घेतो. अशा वेळी सकाळचाच वेग धरून ठेवण्याचा हट्ट करू नये. गिअर हलका करावा, पाय फिरते ठेवावेत, वेग पडला तर पडू द्यावा.

खाण्याचेही तसेच. शरीरातला ग्लायकोजनचा साठा जोरकस श्रमात साधारण दीड-दोन तास पुरतो. तो संपत आला की पाय जड होतात, चिडचिड होते, साधा निर्णयही सुचत नाही. गटात असाल तर शेजारच्याच्या ते लक्षात येते. एकट्याला कोण सांगणार? म्हणून भूक लागायची वाट न पाहता पहिल्या पाऊण तासातच केळे किंवा चिक्की खावी, आणि उन्हाळ्यात पाण्यात मीठ-साखर घालावी.

आणि पंक्चर. निघण्यापूर्वी ते काढायला घरीच शिकावे, निदान दोनदा मागचे चाक उघडून. नवी ट्यूब घातली, हवा भरली आणि दोन किलोमीटरवर चाक पुन्हा बसले, असे नवख्यांचे फार होते. टायरमध्ये रुतलेला तारेचा बारीक तुकडा तिथेच राहिलेला असतो. आधी टायरच्या आतल्या बाजूने बोट अगदी हलक्या हाताने फिरवायचे, टोचेल तिथे थांबायचे, तुकडा बाहेरून ओढून काढायचा. नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला गोल आकार द्यायचा, म्हणजे ती रिमखाली चिमटत नाही. टायरची शेवटची कड अंगठ्यांनीच बसवायची. लिव्हरचा जोर लावला तर नवी ट्यूबही फाटते.

पावसाळ्यात मात्र या रस्त्याला पहिल्यांदा एकट्याने जाऊ नये. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. तोच हा पट्टा.

एकट्याने किती दूर जाता येते? २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगप्रदक्षिणा केली, त्यातला बहुतेक प्रवास एकटीने. तेवढे दूर कशाला, २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, पाहा. मुदत साडेतेरा तास, थांबे धरून. म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरही पुरतात. पण ठरलेल्या कंट्रोलखेरीज, म्हणजे तपासणीच्या ठिकाणांखेरीज, वाटेत सोबतच्या गाडीची मदत घेता येत नाही. आपले पाणी, आपली ट्यूब, आपला हिशेब. कर्जतहून परतताना शेवटच्या दहा किलोमीटरमध्येही धाप न लागता बोलता येत असेल, तर पुढच्या खेपेला खोपोलीपर्यंत जायला हरकत नाही.