जुने दुखणे आणि पाटाचे दार

उन्हाळ्याच्या तोंडाशी ऊसतोडणीचा हंगाम संपतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातले तोडणी कामगार घरी परततात आणि माझ्या दवाखान्यात कंबरदुखीचे रुग्ण वाढतात. अशाच एक पन्नाशीच्या बाई आल्या. दहा वर्षांपूर्वी मोळी उचलताना कंबर धरली होती. तोडणीला जाणे सुटले, पण कंबर सुटली नाही. हातात एमआरआयची मोठी पिशवी होती.

"डॉक्टर, एक म्हणतात मणक्यात गॅप आहे. दुसरे म्हणतात काही नाही, मनाचे खेळ आहेत. मग मी दहा वर्षं काय सोंग करते का?"

बाई सोंग करत नव्हत्या. दुखणे खरेच होते. मात्र त्याचे मूळ कमरेत शोधून सापडणार नव्हते.

कमरेतून निघालेला संदेश मज्जारज्जूवाटे मेंदूपर्यंत जातो आणि तिथे पोचल्यावरच आपल्याला 'दुखते' असे वाटते. 1965 साली कॅनडाचे रोनाल्ड मेलझॅक आणि ब्रिटनचे पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी असे मांडले, की या वाटेवर मज्जारज्जूत जणू एक दार असते. पुढे त्यांच्या मांडणीच्या तपशिलात बदल झाले, पण मुख्य कल्पना टिकली. आपल्या भाषेत, हे पाटाचे दार आणि मेंदू हा पाटकरी. दार किती उघडायचे हे तो ठरवतो. ऊस तोडताना पाचटाने हात कापला तरी कळत नाही, कारण लक्ष कामात असते. संध्याकाळी हातपाय धुताना तोच हात झोंबतो. जखम तीच, दार वेगळे.

साधी इजा बहुधा तीन महिन्यांत भरून येते. पण काहींच्या बाबतीत पाणी वाहून वाहून चारी खोल व्हावी तसे मज्जातंतू हळवे होतात आणि थोड्याशा हालचालीनेही कळ उठते. काळजी, अपुरी झोप, 'वाकलो तर मणका मोडेल' ही धास्ती, यांनी दार उघडेच राहते. याला मनाचे खेळ म्हणणे चूक आहे. हा मज्जासंस्थेतला बदल आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेने 2017 साली अशा दुखण्याला वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली आहे.

मग एमआरआयमधला 'गॅप'? कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या सुमारे 80 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. केस पिकतात तशी चकतीही झिजते.

खरी काळजी वेगळीच निघाली. बाई कित्येक वर्षे दुकानातून आणून रोज दोन वेदनाशामक गोळ्या घेत होत्या. रक्त तपासले तर मूत्रपिंडावर ताण आलेला. कंबरेने जीव जाणार नव्हता, गोळ्यांनी गेला असता. एकेकाळी मीही अशा रुग्णांना गोळ्यांच्या चिठ्ठ्याच लिहून देत असे, हे कबूल करतो.

गोळ्या बंद केल्या. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे चालणे, दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवणे, कंबरेचे हलके व्यायाम आणि वेळेवर झोप, एवढे सांगितले. दुखले म्हणजे काही मोडले असे नव्हे, हे दर भेटीत समजावले. पहिला महिना त्या माझ्यावर नाराजच होत्या. नवरात्रात मात्र पाथर्डीहून मोहटादेवीला पायी जाऊन आल्या. म्हणाल्या, "दुखतं अजून, पण आता त्याचा धाक नाही." मूत्रपिंडाच्या तपासण्या मात्र चालूच ठेवल्या आहेत.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. पायातली शक्ती जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा, ताप, वजन घटणे किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तसे काही नसेल आणि दुखणे तीन महिन्यांहून जुने असेल, तर दुकानातून गोळी आणण्याआधी डॉक्टरांशी निवांत बोलावे. आणि घरातल्यांनी 'तुझं काही नाही' असे दुखणाऱ्या माणसाला कधी म्हणू नये.