एकतीस हजार दोनशे पन्नास

दुकानदारानं काकांचा यामाहाचा जाडजूड कीबोर्ड उलटसुलट केला, मागं यूएसबीची खाच नाही हे पाहिलं आणि "मोडीत घाला" म्हणून मोकळा झाला. काका मूळचे बेळगावचे, पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. कीबोर्ड तेव्हापासूनचा, पट्ट्या सगळ्या चालू, आवाज खणखणीत. धडधाकट वस्तूला मोडीत काढणं मला खटकलं. काका बंगळूरातल्या यशवंतपूरच्या दुरुस्तीवाल्याकडं निघाले, तेव्हा मीही रिक्षात बसलो.

मेट्रोच्या खांबांमागच्या गल्लीत त्याचं चिंचोळं दुकान. बाहेर सँडल सोप फॅक्टरीकडून चंदनाचा वास, आत सोल्डरच्या राळेचा. देवळात कुणी रेडिओ उघडून बसावं तसं वाटत होतं. त्या दिवसाचं काहीही आठवायला गेलो की आधी हा वास येतो.

त्यानं कीबोर्ड बाजूला ठेवला आणि काकांनी ऑनलाइन मागवलेली स्वस्तातली केबल मागितली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्याला दोन गोल प्लग. काकांनी 'इन'चा प्लग कीबोर्डच्या 'इन'मध्ये खोचला होता. कीबोर्डच्या 'आउट'मधून निघालेलं संगणकाच्या 'इन'मध्ये जायचं असतं. अदलाबदल केली, स्वर उमटले. पण दोन्ही हातांनी भराभर वाजवलं की एखादा स्वर अडकायचा आणि बोट उचललं तरी रेंगाळत राहायचा.

"म्हातारा झालाय आता," काका कीबोर्डकडं बघून म्हणाले.

"इल्ला सार," म्हणत त्यानं केबलच्या मधली डबी चाकूनं उकलली.

ही केबल मिडीची, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना निरोप धाडायच्या पद्धतीची. मिडीच्या प्लगला पिना पाच, पण संदेश वाहतात त्यातल्या दोनच. त्यातून आवाज जातच नाही. कोणती पट्टी, किती जोरात, दाबली की सोडली, एवढाच निरोप जातो. 'सोडली' हा निरोप गळाला की स्वर अडकला. निरोप घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर हवा, असा मिडीचा नियमच आहे. त्यात इवलासा एलईडी लुकलुकतो आणि पलीकडचा भाग तो उजेड वाचतो. दोन यंत्रांचा एकमेकांशी विजेचा थेट संबंध येत नाही, त्यामुळं एकाची घरघर दुसऱ्यात शिरत नाही. या डबीत ऑप्टोकपलरचा पत्ताच नव्हता. तार सरळ चिपला नेऊन चिकटवली होती.

"सेकंदाला एकतीस हजार दोनशे पन्नास बिट," तो वैतागून म्हणाला. "तेवढं पण वाचता येईना याला."

हा आकडा तो जपासारखा घोकत होता. मिडी जगासमोर आलं १९८३ साली. त्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल ही अमेरिकी आणि रोलंड ही जपानी, अशा दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवले गेले. वेगाचा तो आकडाही तेव्हाचाच: एक मेगाहर्ट्झला ३२ नं भागलं की ३१,२५० येतात. त्या वेळच्या चिपांना परवडणारा हिशेब. एका स्वराचा निरोप तीन बाइटचा, पोचायला एक मिलिसेकंदही लागत नाही. आजच्या संगणकाला ३१,२५० म्हणजे किस झाड की पत्ती. तरी मधली डबी चार पैसे वाचवते आणि बोल लागतो म्हाताऱ्याला.

त्यानं कपाटातून एक बरा इंटरफेस काढून जोडला आणि येणारे निरोप दाखवणारा प्रोग्रॅम लावला. कुणी पट्टीला हातही लावलेला नव्हता, तरी पडद्यावर 'एफई', 'एफई' अशा ओळी सरकू लागल्या. कीबोर्ड आपण जोडलेले आहोत, हे सेकंदात तीन-चारदा आपणहून कळवत होता. काका चष्मा वर सारून पाहतच राहिले. मग पांढरी चार, काळी चार करत त्यांनी सगळ्या पट्ट्या तपासल्या. एकही स्वर अडकला नाही.

आवाज मात्र बोटाच्या जरा मागून यायचा. तोही दोष लॅपटॉपचा: आवाजाचा बफर १०२४ सॅम्पलचा होता, १२८ केला, उशीर गेला.

"किती झाले?"

त्यानं इंटरफेसचे पैसे सांगितले. "आणि कीबोर्डच्या कामाचे?" काकांनी विचारलं.

"त्याला मी हात कुठं लावला, सार?"