गाडी झकास, बैठक भकास!

चाकणची गर्दी मागे पडली की मूड बनतो. नारायणगावला मिसळ होते. आणि आळेफाटा आला की मी फुटरेस्टवर उभी राहून बाइक चालवायला लागते. स्टाइल मारायला नाही हो, बूड बधिर झालेलं असतं!

दर दुसऱ्या शनिवारी पुणे-अकोले हा माझा ठरलेला रूट. आई तिथे एकटी असते. संगमनेरपर्यंत नाशिक हायवे, तिथून डावीकडे वळून अकोले. एका बाजूचं अंतर दीडशे किलोमीटरच्या वर. फ्रीलान्सरच्या खिशाला कार झेपत नाही आणि एसटीच्या वेळा माझ्या डेडलाइनशी जमत नाहीत. उरते ती दीडशे सीसीची बाइक आणि तिची मूळची सीट. शहरात ती ठीक, पण पुढे उतरती. ब्रेक मारला की घसरत टाकीला चिकटायचं, मनगटांवर भार घ्यायचा, पुन्हा मागे सरकायचं.

गेल्या हिवाळ्यात पैसे साठवून पुण्यातल्या एका दुकानात गेले. ‘गाडी कोण चालवतं?’ हा प्रश्न झाला. (त्याची आता सवय झालीये.) मग मी ती चूक केली, जी बहुतेक सगळेच करतात. अंगठ्याने सीट दाबून पाहिली. अंगठा आत गेला आणि मी विरघळले! जाडजूड फोम, दोन रंगांचं रेक्झीन, वर डायमंड शिलाई. राजगुरुनगरपर्यंत वाटलं, सोफ्यावर बसलेय. मंचरच्या पुढे वाटलं, खाली काहीच नाहीये.

मऊ म्हणजे आरामदायी?

बसल्यावर आपला बराचसा भार बुडाखालच्या दोन हाडांवर येतो. मऊ फोम नेमका तिथेच चेपत जातो आणि तासा-दोन तासांत हाडं थेट खालच्या प्लॅस्टिकच्या बेसपर्यंत पोचतात. किंचित कडक फोम दुकानात आवडत नाही, पण तो भार मांड्यांपर्यंत पसरवतो. ‘हाय डेन्सिटी आहे मॅडम’ या वाक्यालाही भुलू नका. घनता म्हणजे फोम किती भरीव आहे, तो किती दिवस आकार धरेल. कडकपणा ही वेगळी गोष्ट. घनता जास्त आणि फोम मऊ, असंही असू शकतं.

जेलचे पॅड दाब चांगला पसरवतात, पण गाडी उन्हात लावली की तव्यावर बसल्याचा फील येतो. हवेची गादी गच्च फुगवली तर चेंडूवर बसल्यासारखं डुलायला होतं. बसल्यावर खाली जेमतेम बोटभर हवा राहील इतकीच भरायची. आणि उंची? माझी पाच फूट दोन. नव्या सीटने इंचभर वर उचललं आणि सिग्नलला पाय टेकायचे वांधे झाले. सीट मागे रुंद आणि मांड्यांमध्ये अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातात. हे मला नंतर कळलं.

पण हे सगळं माझ्यापुरतं होतं. खरा घोळ अकोल्यात झाला. आईला मागे बसवून राजूरला मावशीकडे निघाले. आई साडीत, म्हणजे एका बाजूला बसणार. नव्या सीटचा मागचा भाग चार बोटं उंच आणि तोही उतरता. प्रत्येक खड्ड्याला ती माझ्या पाठीवर येऊन आदळत होती. बोलली काहीच नाही. पुढच्या वेळी मात्र, ‘गुडघा दुखतोय गं, तू जाऊन ये.’ त्याच्या पुढच्या वेळीही गुडघाच. तिसऱ्या खेपेला माझी ट्यूब पेटली. आपण फोटोत छान दिसेल अशी सीट घेतली आणि मागे कोण बसणार, हे बघितलंच नाही!

शेवटी अकोल्यातल्याच एका कुशनवाल्या काकांकडे गेले. त्यांनी नवी सीट हातात घेऊन परत दिली. ‘ताई, जुनी आणा.’ मला बसवलं, आईलाही बोलावून एका बाजूला बसवलं, खडूने खुणा केल्या. खाली कडक फोम, वर मऊ फोमचा पातळ थर. पुढचा उतार भरला, मागचा भाग सपाट केला. वर साधं, न घसरणारं कव्हर आणि बैठकीवर एकही टाका नाही, कारण सुईच्या भोकांतून पावसाचं पाणी फोममध्ये मुरतं. घाटघर-रतनवाडीचा पाऊस बघितलेल्या माणसाला हे सांगायला लागत नाही. खर्च नव्या सीटच्या तिसऱ्या हिश्शाएवढा.

तुम्ही तयार सीट घेणार असाल तर आधी तुमच्या मॉडेलसाठी कंपनीचीच टूरिंग सीट मिळते का बघा. रॉयल एनफिल्ड अशा सीट अ‍ॅक्सेसरी म्हणून विकते. बसवल्यावर लॉक नीट लागतंय ना आणि खालची रबरं चेसिसवर टेकतायत ना, तपासा. स्टायलिश सीटच्या नादात मागचं हँडल आणि साडी गार्ड काढू नका. मागे माणूस बसवायचा तर ही दोन्ही आणि फुटरेस्ट नियमानेच लागतात. शक्य असेल तर मित्राची तशीच सीट मागून तासभर फिरून या. दुकानातली दोन मिनिटं काहीच सांगत नाहीत. आणि सीट कितीही भारी असो, दर तासाला उतरून पाय मोकळे कराच.

गेल्या महिन्यात आई पुन्हा मागे बसली. राजूरला मावशीच्या दारात गाडी थांबवली, तर म्हणते, ‘थांब, उतरत नाही. पेढे घेऊ आणि तसंच धरणावर जाऊन येऊ.’

ती डायमंड शिलाईवाली सीट अजून माझ्या पलंगाखाली पडून आहे. दिसते मात्र झकास.