दिवा लागला म्हणजे पार्ट गेला, असे नव्हे



गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. पेट्रोल जास्त लागू लागले आणि इंजिन थंड असतानाही रेडिएटरचा पंखा फिरत राही. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तेव्हा पी०११८ हा कोड आला. 'कूलंटचा टेंपरेचर सेन्सर गेला' असे सांगून त्यांनी नवा सेन्सर बसवला. आठ दिवसांत दिवा पुन्हा लागला. आता 'इंजिनाचा कॉम्प्युटरच बदलावा लागेल' असे सांगण्यात आले. तो खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा होता.

आपल्या शाळेतील एका विद्यार्थ्याचे वडील ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांनी अर्ध्या तासात दोष शोधला. त्यांची रीत दहावीच्या मुलांनाही समजेल अशी आहे, म्हणून हा लेख.

हा सेन्सर म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात बुडालेला एक रोध. (मी विज्ञान हिंदीतून शिकलो, त्यामुळे माझ्या तोंडी अजून 'प्रतिरोध' येतो!) द्रव तापला की हा रोध कमी होतो. २० अंशांना तो साधारण दोन ते तीन हजार ओहम असतो, तर ८०-९० अंशांना दोनशे-तीनशेच्या आसपास. कॉम्प्युटर या तारेवर ५ व्होल्ट देतो आणि तेथील दाब मोजून तापमान ओळखतो. इंजिन थंड तर दाब जास्त, गरम तर कमी. तार तुटली तर दाब पूर्ण ५ व्होल्टच राहतो आणि कॉम्प्युटरला वाटते की इंजिन उणे ४० अंशांवर आहे! मग तो पेट्रोल जास्त सोडतो. आकडा अशक्य आहे हे लक्षात आले की कोड नोंदवतो आणि इंजिन तापू नये म्हणून पंखा चालू ठेवतो.

म्हणजे पी०११८ चा अर्थ एवढाच, की 'या तारेवर दाब फार जास्त आहे.' सेन्सर बिघडला, तार तुटली की पिन ढिली झाली, हे कोड सांगत नाही. ते आपण शोधायचे असते.

त्यांनी क्रमाने चार गोष्टी केल्या.

१. इंजिन थंड असताना, चावी बंद करून कनेक्टर काढला आणि सेन्सरचा रोध मल्टिमीटरने मोजला. अडीच हजार ओहमच्या जवळ आला. सेन्सर ठीक.

२. इंजिन सुरू न करता चावी चालू केली आणि कनेक्टरच्या दोन टोकांमध्ये दाब मोजला. ५ व्होल्ट मिळाले.

३. ती दोन टोके छोट्या तारेने जोडली. स्कॅनरवरचा आकडा उणे ४० वरून एकदम वरच्या टोकाला गेला. म्हणजे तारा आणि कॉम्प्युटरही ठीक.

४. उरला फक्त जोड. कनेक्टर परत लावून, इंजिन सुरू करून तार हळूच हलवली. तापमान ८४ वरून उणे ४० वर पडले!

कनेक्टरमधील एक पिन मागे सरकली होती. तिच्यावर हिरवट गंज चढला होता आणि पाणी अडवणारे रबरी सील फाटले होते. पिन व सील बदलले. खर्च नव्या सेन्सरपेक्षाही कमी आला.

एक सूचना : ही तपासणी जाणकार मोठ्या माणसाबरोबरच करावी. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, आणि पंखा अचानक सुरू होतो, म्हणून हात दूर ठेवावा. तिसरी पायरी दोन तारांच्या सेन्सरपुरतीच आहे.

पालकहो, प्रगतिपुस्तकातील लाल आकडाही असाच एक कोड आहे. 'मुलगा अभ्यासात कच्चा' असे ठरवण्यापूर्वी त्याला फळा नीट दिसतो का, एवढे तरी पाहावे. शिक्षकांना आणि स्वतःलाही मी हेच सांगतो.

गॅरेजने 'गेला' म्हणून काढून दिलेला माझा जुना सेन्सर मी आपल्या प्रयोगशाळेत मोजला. तो उत्तम चालतो. या सत्रात दहावीचे विद्यार्थी तो गरम पाण्यात बुडवून तापमान आणि रोध यांचा आलेख काढतील.

– प्राचार्य