परिचारिकेचे ‘आपण’

परिचारिका व रुग्ण यांचा संबंध हा शुश्रूषेचाच भाग होय, हे हिल्डेगार्ड पेप्लाउ यांनी १९५२ साली मांडले. तो संबंध जुळविण्यास परिचारिकेला भाषेचे साहाय्य द्यावयाचे, तर इंग्रजीतील दंडक जसेच्या तसे उचलू नयेत. तिकडे वृद्ध रुग्णाशी बोलताना ‘तुम्ही’च्या जागी ‘वुइ’ योजणे त्यास मूल लेखण्यासारखे मानतात.

मराठीत श्रोत्यास वगळणारे ‘आम्ही’ व सामावणारे ‘आपण’ असा भेद आहे. ‘आजी, आता आपण इंजेक्शन घेऊ या’, येथे सुई एकटीलाच टोचावयाची, हे आजीसही ठाऊक असते; तरी भीतीला कोणी वाटेकरी आहे, एवढे त्या ‘आपण’ने कळते. (स्वर लाडिक झाला की तेच वाक्य बोचते, हे खरे.) ‘आजी, जेवलात का?’ यातील ‘आजी’ जवळ घेते, ‘जेवलात’ मान राखते. ‘जेवलीस का?’ हे घरी नातवाच्या तोंडी शोभते, वॉर्डात नव्हे.

महाराष्ट्रातील रुग्णालयांत केरळीय परिचारिका पुष्कळ आहेत. मल्याळममध्ये ‘नम्मळ्’ व ‘ञङ्ङळ्’ हा भेद असल्याने ‘आपण’ त्यांना सहज उमजावे; पण तेथील क्रियापद पुरुषानुसार बदलत नाही. ‘जेवलात’ आणि ‘जेवलीस’ यांतील अंतर त्यांना रुजू होतानाच समजावून द्यावे. एरवी ते रुग्णाच्या मुद्रेवरून शिकावे लागते.