तिसरा रोजा आणि ९६ वे मिनिट

८ मे २०१९ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये रमजानचा तिसरा रोजा होता. तिकडे मे महिन्यात दिवस लांबलचक असतो. पहाटे सुरू झालेला रोजा सतरा तासांच्याही पुढे जातो. त्या दिवशी सूर्य मावळणार होता रात्री सव्वानऊच्या सुमारास, आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा सामना सुरू होणार होता नऊ वाजता. यजमान आयाक्स क्लबच्या संघात हकीम झियेश आणि नुसैर मझरावी हे दोन मोरोक्कन कुटुंबांतले तरुण होते. दोघांनीही रोजा ठेवला होता आणि दोघेही रोज्यातच मैदानात उतरले.

हा सामना आयाक्स हरले. तोही अगदी शेवटच्या क्षणी, आणि असा की फुटबॉल न पाहणाऱ्यालाही हळहळ वाटावी. म्हणून तो आठवला की एक प्रश्न हमखास निघतो: "रोजा ठेवून खेळले, म्हणूनच हरले ना?" घरातली फुटबॉलवेडी मुलं विचारतात, कधी मोठी माणसंही विचारतात. प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण उत्तर देण्याआधी तो संपूर्ण हंगाम नजरेखालून घालायला हवा.

ज्या घरांत फुटबॉल म्हणजे मुलांच्या खोलीतला आरडाओरडा एवढीच ओळख आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वात मानाची स्पर्धा. २०२४ पर्यंत आधी गटवार सामने असत, मग १६ संघांची बाद फेरी. बाद फेरीत प्रत्येक जोडीचे दोन सामने, एक याच्या घरी आणि एक त्याच्या घरी. दोन्ही सामन्यांचे गोल एकत्र मोजायचे. बेरीज सारखी आली तर दुसऱ्याच्या मैदानावर ज्याने जास्त गोल केले तो पुढे. हा शेवटचा नियम २०२१ मध्ये रद्द झाला, पण २०१९ मध्ये होता, आणि आयाक्सला तोच नडला.

आयाक्सचा तो संघ पैशाच्या जोरावर उभा राहिलेला नव्हता. बरेचसे खेळाडू क्लबच्याच शाळेत वाढलेले. कप्तान मथाइस डी लिख्त अवघा एकोणीस वर्षांचा. गटात पोहोचण्यासाठीच त्यांना तीन पात्रता फेऱ्या खेळाव्या लागल्या. गटात बायर्न म्युनिकशी त्यांच्याच मैदानावर १-१ बरोबरी झाली, तो गोल मझरावीचा. बेनफिकाविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल आला, तोही मझरावीचाच, आणि हा गडी मुळात बचावपटू!

बाद फेरीत समोर आला रेआल माद्रिद, सलग तीन वर्षांचा विजेता. पहिला सामना आयाक्सने घरच्या मैदानावर १-२ असा गमावला. ५ मार्चला माद्रिदमध्ये काय होणार हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. सातव्या मिनिटाला झियेशने गोल केला आणि सामना ४-१ असा संपला. पुढच्या फेरीत रोनाल्डोचा युव्हेंटस. घरी १-१, तुरिनमध्ये २-१. उपांत्य फेरीत लंडनच्या टॉटनहॅमला त्यांच्याच मैदानावर १-० हरवून आयाक्स अ‍ॅमस्टरडॅमला परतले. अंतिम सामना एका पावलावर होता.

झियेश ड्रॉन्टेन नावाच्या डच गावात वाढला. मोठं कुटुंब, आणि तो दहा वर्षांचा असताना वडील गेले. पुढे नाव झाल्यावर त्याने नेदरलँड्सऐवजी मोरोक्कोकडून खेळायचं ठरवलं, तेव्हा डच फुटबॉलमधल्या मोठमोठ्या लोकांनी त्याला उघडपणे मूर्ख ठरवलं. मझरावी आयाक्समध्ये आला तो लहान मुलगा म्हणून. त्यानेही मोरोक्कोच निवडला.

याच पिढीतलं तिसरं नाव मैदानावर नव्हतं. अब्दुलहक नूरी. अ‍ॅमस्टरडॅममध्येच वाढलेला, सात-आठ वर्षांचा असल्यापासून आयाक्सच्या शाळेतला, सगळ्यांचा लाडका 'आपी'. ८ जुलै २०१७ रोजी ऑस्ट्रियात एका सराव सामन्यात तो अचानक खाली कोसळला. हृदयाचा ठोका चुकला होता. जीव वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. वय वीस. मैदानावर मिळालेले उपचार पुरेसे नव्हते हे क्लबने पुढच्या वर्षी जाहीरपणे मान्य केलं. नूरीचा शर्ट ३४ नंबरचा. त्याचा मित्र जस्टिन क्लाइव्हर्ट रोमाकडून खेळायला गेला तेव्हा त्याने आठवण म्हणून हाच नंबर मागून घेतला. या संघात ज्यांच्याबरोबर नूरी लहानाचा मोठा झाला असे अनेक जण होते. त्यांच्या खेळात जी एकजूट दिसायची, तिच्यामागे हे दुःखही होतं असं मला वाटतं.

तर ८ मेची रात्र. पाचव्याच मिनिटाला कप्तान डी लिख्तने डोक्याने गोल मारला. सूर्य अजून मावळायचा होता, झियेश आणि मझरावीच्या पोटात पहाटेपासून पाण्याचा थेंबही नव्हता. काही मिनिटांनी सूर्यास्त झाला. सामना चालूच होता. संधी मिळताच दोघांनी बाजूरेषेपाशी जाऊन पटकन रोजा सोडला. दस्तरखान नाही, फळं नाहीत. खेळाडू घेतात ती ताकद देणारी जेल तोंडात पिळली आणि परत धावले. ३५ व्या मिनिटाला झियेशने डाव्या पायाने चेंडू असा मारला की गोलरक्षकाला काही करता आलं नाही. २-०. दोन्ही सामने मिळून ३-०.

उत्तरार्धात टॉटनहॅमच्या ब्राझिलियन लुकास मौराने ५५ व्या आणि ५९ व्या मिनिटाला गोल केले. आता बेरीज ३-२. झियेशचा एक फटका खांबाला लागून बाहेर गेला. तो दोन बोटं आत असता तर हा लेखही वेगळा झाला असता. ९० मिनिटं संपली, जादा मिनिटं सुरू झाली आणि ९६ व्या मिनिटाला मौराने तिसरा गोल मारला. बेरीज ३-३, पण टॉटनहॅमचे तीन गोल परक्या मैदानावरचे. आयाक्सचे खेळाडू जिथे होते तिथेच गवतावर कोसळले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजत आले होते. ज्या घरांत मुलं जागी होती, तिथे सहेरीपर्यंत कुणाला झोप लागली नसेल.

आता तो प्रश्न. घड्याळ पाहा. रोजा चालू असताना आयाक्सने एक गोल केला, एकही खाल्ला नाही. रोजा सोडल्यावर झियेशनेच दुसरा केला. टॉटनहॅमचे तिन्ही गोल इफ्तारनंतरचे, उत्तरार्धातले. दिवसभराच्या उपाशीपणाचा थकवा नंतर जाणवतो हे मान्य. पण तिसरा गोल झाला तेव्हा रोजा न ठेवलेले नऊ जणही तितकेच दमलेले होते. संघाने आघाडी राखायची की आणखी गोल करायला जायचं, यात घोटाळा केला. फुटबॉल जाणणाऱ्या बहुतेकांचं मत असंच आहे. रोज्याचा त्यात संबंध लावणं म्हणजे आधी निकाल लिहून मग पुरावा शोधणं.

बरं, हेच बोलणं उलट बाजूनेही ऐकून झालेलं आहे. आदल्या वर्षी, २६ मे २०१८ रोजी, कीव्हमध्ये अंतिम सामना होता. तोही रमजानमध्येच. लिव्हरपूलचा इजिप्शियन खेळाडू मोहम्मद सलाह त्या वेळी रोजा ठेवणार नाही असं संघाच्या फिजिओने सांगितलं होतं. सामन्यात अर्ध्या तासाच्या आसपास सलाहच्या खांद्याला दुखापत झाली, तो रडत बाहेर गेला आणि लिव्हरपूल ३-१ हरलं. लगेच कुवेतमधल्या एका धर्मोपदेशकाने जाहीर केलं की ही रोजा सोडल्याची शिक्षा आहे. परदेशात प्रवासात असलेल्या माणसाला रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढण्याची मुभा खुद्द कुरआनने दिली आहे, याची आठवण तेव्हा इतरांना करून द्यावी लागली.

म्हणजे बघा. सलाहने रोजा ठेवला नाही, तो जखमी झाला, तर शिक्षा. झियेशने ठेवला, संघ हरला, तर अशक्तपणा. खेळाडूने करायचं तरी काय? रोजा हा त्याचा आणि अल्लाहचा मामला. गोलफलक हा त्याचा हिशेब नव्हे. आपल्या घरातला मुलगा शाळेच्या किंवा जिल्ह्याच्या सामन्याला रमजानमध्ये निघाला तर त्याच्याशी बसून बोलावं, प्रशिक्षकाशी बोलावं, त्याची तब्येत पाहावी. हरून आला तर त्याला मात्र रोज्यावरून एक शब्दही ऐकवू नये.

आयाक्सचा अस्त झाला त्याच्या आदल्याच रात्री दुसऱ्या उपांत्य सामन्यात लिव्हरपूलने चमत्कार करून दाखवला होता. बार्सिलोनात ते ३-० हरले होते, त्यातले दोन गोल मेस्सीचे. परतीच्या सामन्यात सलाह डोक्याला लागलेल्या मारामुळे खेळू शकत नव्हता. कधीही हार मानू नका, अशा अर्थाचे शब्द छापलेला काळा टी-शर्ट घालून तो प्रेक्षकांत बसला. त्याच्या जागी आलेल्या शकिरीने तिसऱ्या गोलसाठी चेंडू पुरवला, चौथा गोल ओरिगीचा, आणि लिव्हरपूल ४-० जिंकलं. त्या रात्री डाव्या बाजूने धावत होता सेनेगलचा सादियो माने, बांबाली गावच्या इमामाचा मुलगा. याच हंगामाच्या सुरुवातीला, एका सामन्यात गोल केल्यावर काही तासांनी, तो लिव्हरपूलच्या मशिदीत संडास-वजूखान्याची सफाई करताना कुणीतरी टिपला होता. त्याने स्वतः त्याचा गाजावाजा केला नाही. मला त्याच्या म्युनिकमधल्या दोन गोलांपेक्षा ही गोष्ट जास्त लक्षात राहिली आहे, जरी त्यातला पहिला गोल फारच देखणा होता.

सलाहबद्दल लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी एक गाणं रचलं होतं. त्याने आणखी थोडे गोल केले तर आम्हीही मुसलमान होऊन मशिदीत जाऊन बसू, असा त्याचा मजेशीर आशय. गंमत म्हणून ते गोडच आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पुढे अभ्यास करून मांडलं की सलाह आल्यानंतर लिव्हरपूलच्या परिसरात द्वेषमूलक गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी कमी झाले, आणि क्लबच्या चाहत्यांचे मुसलमानांविरुद्धचे ट्वीट निम्म्यावर आले. वाचून बरं वाटतं. पण गाण्यातला तो 'गोल केले तर' हा शब्द मला टोचतो. गोल आटले तर? याच २०१९ च्या एप्रिलमध्ये चेल्सीच्या काही चाहत्यांनी प्राग शहरात सलाहला बॉम्बवाला म्हणणारं गाणं गायलं. क्लबने त्यांच्यातल्या तिघांना त्या दिवशी मैदानात येऊ दिलं नाही, हे चांगलं केलं. तरी एका माणसाच्या पायावर अख्ख्या समाजाची अब्रू टांगून ठेवणं त्या माणसावर अन्याय आहे.

अंतिम सामना १ जूनला माद्रिदमध्ये झाला. आपल्याकडे ती रमजानची सत्ताविसावी रात्र होती. सामना साडेबाराला सुरू होणार होता आणि मशिदी भरलेल्या होत्या, म्हणजे अनेक घरांत त्या रात्री निवड करावी लागली असणार. ज्यांनी नमाज आणि दुआ निवडली त्यांचं फुटबॉलच्या दृष्टीनेही फारसं नुकसान झालं नाही. दुसऱ्या मिनिटाला सलाहने पेनल्टीवर गोल केला, ८७ व्या मिनिटाला ओरिगीने दुसरा, आणि मधला दीड तास अंतिम सामन्याला न शोभेल इतका रटाळ. लिव्हरपूल २-० जिंकलं. वर्षापूर्वी रडत बाहेर गेलेला सलाह करंडक हातात घेऊन उभा होता.

आयाक्सचं काय झालं? त्या पराभवानंतर सातच दिवसांनी, १५ मे रोजी, त्यांनी डच लीग जिंकली. क्लबचं ते चौतिसावं विजेतेपद होतं. ३४, नूरीचा नंबर. संघाने ते त्यालाच अर्पण केलं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये नूरी कोमातून बाहेर आल्याचं, घरी आल्याचं आणि घरच्यांबरोबर बसून फुटबॉल पाहत असल्याचं त्याच्या भावाने सांगितलं. झियेश आणि मझरावी २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या संघात होते.

मैदानावर रोजा सोडण्याची रीतही बदलत गेली. २६ एप्रिल २०२१ रोजी इंग्लंडमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात सूर्यास्त झाल्यावर पॅलेसच्या गोलरक्षकाने मुद्दाम गोलकिक थोडी लांबवली, म्हणजे समोरच्या संघातल्या वेस्ली फोफानाला रोजा सोडता यावा. दोन्ही कप्तानांनी आणि पंचांनी हे आधीच ठरवलं होतं. दोन वर्षांनी इंग्लंडच्या पंचांना रमजानमध्ये असा थांबा देण्याची अधिकृत सूचना मिळाली. त्याच २०२३ च्या रमजानमध्ये फ्रान्सच्या महासंघाने मात्र परिपत्रक काढून असे थांबे देऊ नयेत असं बजावलं. तिथले खेळाडू आजही चेंडू बाहेर जाण्याची वाट पाहतात आणि बाजूरेषेपाशी धावत जाऊन पाण्याचा घोट घेतात.